काठावरचं कोकरू

"उडी चुकलीय," स्क्रीनवरून केली म्हणाली.

"उडी बरोबर आहे," मी म्हटलं.

हे आमचं दुसऱ्यांदा चाललं होतं. केली म्हणजे अमेरिकेतल्या एका गेम कंपनीची प्रोड्यूसर, आमची क्लायंट. मी जळगावला रिंग रोडवर चार जणांचा गेम स्टुडिओ चालवते. शेजारच्यांना अजून वाटतं की मी पोरांना मोबाईलवर गेम खेळायला बसवते. मी आता समजावणं सोडून दिलंय.

केलीच्या कंपनीचा एक जुना गेम आम्ही नव्याने बांधत होतो. नाव सांगता येत नाही, करारात तशी अटच आहे. थ्रीडी गेम नुकते येऊ लागले होते तेव्हाचा तो प्लॅटफॉर्मर. प्लॅटफॉर्मर म्हणजे उड्यांचा गेम. या फळीवरून त्या फळीवर जायचं, मध्ये पडलात की मेलात. थ्रीडीमुळे पुढे-मागेही पळता येतं, त्यामुळे अंतराचा अंदाज नजरेनेच घ्यावा लागतो. यातला हिरो म्हणजे गमबूट घातलेलं एक कोकरू.

मूळ कोड कंपनीकडूनच हरवला होता. मग आम्ही जुन्या मशीनवर गेम लावून मापं घेतली. कोकरू किती उंच उडतं, किती वेगाने पळतं, टेकताना किती दबतं. अट एकच होती, जुन्या खेळणाऱ्याच्या बोटांना फरक कळता कामा नये.

आणि या गेमबद्दल माझ्या बोटांना कोण शिकवणार? माझं माहेर धुळ्याचं. आमच्या गल्लीत कांतिभाऊंचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. कांतिभाऊ मूळचे राजस्थानी व्यापारी घराण्यातले, पण अहिराणी आमच्यापेक्षा फर्डी बोलतात. त्यांच्याकडे तासाचा हिशोब नव्हता. एक जीव म्हणजे एक पाळी. कोकरू पाण्यात पडलं की खेळायचा रिमोट खाली ठेवायचा आणि रांगेत शेवटी जाऊन उभं राहायचं. त्या रांगेत मुलगी मी एकटीच होते आणि गेम सगळ्यात आधी पूर्ण केला तोही मीच. आमचा प्रोग्रामर नीलेश बोदवडचा. त्यांच्याकडच्या पार्लरलाही हीच रीत होती.

केलीचं म्हणणं असं, की तिच्या टेस्टर लोकांनी बटण दाबलं तरी कोकरू ऐकत नाही. नेहमी नाही, अधूनमधून. कधी ते विचारलं तर त्यांना सांगता येत नव्हतं. मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.

तरीही आम्ही तपासलं. बटण दाबणं आणि स्क्रीनवर उडी दिसणं यात वेळ जातो का, ते पाहिलं. नव्हता जात. नीलेशने रिमोट बदलले, टीव्ही बदलला. मग मी तो बिल्ड, म्हणजे गेमची चालवून बघता येईल अशी प्रत, पार्लरमधल्या जुन्या मित्रांना पाठवला. सगळ्यांचं एकच उत्तर आलं, अगदी तसाच आहे. नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एकाने तर रजा टाकून तो खेळला.

हे मी केलीला ठणकावून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "ते सगळे तुझेच मित्र आहेत. शुक्रवारचा बिल्ड शेवटचा. तोही असाच असला तर काम दुसऱ्या स्टुडिओला जाईल."

कॉल बंद झाला. नीलेश खुर्चीतून उठला नाही. त्याने पुण्याची नोकरी सोडली होती ती माझ्या शब्दावर. त्याच्या आबांना पॅरॅलिसिसचा झटका आलेला, घरी त्यांचं करायला दुसरं कुणी नाही. आमच्याकडे आल्यामुळे तो रोज बोदवडहून रेल्वेने ये-जा करायचा आणि संध्याकाळी आबांना हाताला धरून अंगणात चालवायचा. हे काम गेलं तर स्टुडिओला टाळंच लागणार होतं.

"ताई, पुण्याचे लोक परत विचारताहेत," तो म्हणाला. "हो म्हणू का?"

मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत कुणाला काही म्हणू नको. उडी बरोबर आहे आणि मी ते सिद्ध करते."

सिद्ध करायला मूळ गेम हवा होता. आमच्या ऑफिसातल्या जुन्या मशीनने मापं घेऊन झाल्यावर मान टाकलेली. चालू मशीन कुठे असेल तर ते कांतिभाऊंकडे. सकाळची धुळ्याची एसटी पकडली. बेत साधा होता. जुन्या मशीनवर मी खेळणार, त्याचं शूटिंग करणार, शेजारी आमच्या बिल्डचं शूटिंग लावणार आणि केलीच्या तोंडावर मारणार. रागाने माणसाला भारी उत्साह येतो.

पार्लरच्या जागी आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे. कांतिभाऊ गल्ल्यावरच बसलेले. मला बघून म्हणाले, एवढी शिकलीस आणि शेवटी गेमच का? पण माळ्यावरून मशीन काढायला स्वतः स्टुलावर चढले. जुना डबा टीव्हीसुद्धा जपून ठेवला होता. विकून का टाकत नाही, असं विचारलं, तर म्हणे कोणी धड गिऱ्हाईकच येत नाही. खोटं बोलत होते. फडक्याने ते ज्या मायेने मशीन पुसत होते, त्यावरूनच कळत होतं.

मी खेळायला बसले. पहिली लेव्हल एका दमात पार. शूटिंग छान आलं. लॅपटॉपवर आमचा बिल्ड लावून तीच लेव्हल खेळले. तीही एका दमात पार. दोन्ही उड्या जुळ्या बहिणींसारख्या. आता केलीला काय लिहायचं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले.

तेवढ्यात कांतिभाऊ म्हणाले, "आण इकडे. किती वरीसमा हात लावेल नही."

त्यांनी रिमोट घेतला आणि कोकराला जे पळवलं, ते पळवतच राहिले. फळी संपत आली तरी बटण दाबेनात. माझ्या तोंडून "अहो, अहो" निघालं. कोकराचे दोन्ही गमबूट फळीच्या बाहेर हवेत गेले, खाली पाणी, आणि तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबलं.

कोकरू उडालं. हवेतून उडालं आणि पलीकडच्या फळीवर आरामात टेकलं.

"भाऊ, पुन्हा करा," मी शूटिंग चालू करत म्हटलं.

त्यांनी पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. एकदा फारच उशीर केला तेव्हा पडलं. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही, लगेच पुन्हा सुरू. मी विचारलं, असं कधीपासून खेळता? तर दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा ते एकटेच खेळत बसायचे म्हणे.

"दुकान मनं, मशीन मनं. माले कोन उठाडी?"

मी लॅपटॉपचा रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी कोकरू तसंच पळवलं, काठाबाहेर गेल्यावर बटण दाबलं आणि आमचं कोकरू दगडासारखं पाण्यात गेलं. दुसऱ्यांदा तेच. कांतिभाऊंनी रिमोट खाली ठेवला.

"पोरी, तुनं कोकरू लंगडं शे."

हे नीट सांगायला हवं. काठावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता यावी, अशी सूट बऱ्याच गेममध्ये ठेवतात. माणसाच्या बोटाला थोडा उशीर होतोच, ते गृहीत धरलेलं असतं. खेळणाऱ्याला ही सूट दिसत नाही, पण काढून घेतली की बटण बिघडल्यासारखं वाटतं. आजचा कुठलाही गेम घ्या, ती असतेच. पण एवढ्या जुन्या गेममध्ये ती नव्हती, याची नीलेशला आणि मला शंभर टक्के खात्री होती. कारण आम्हाला ती कधी भेटलीच नव्हती. एक जीव म्हणजे एक पाळी! काठापर्यंत जायची छाती कुणाची होती? पार्लरमधलं प्रत्येक पोर पाऊलभर आधीच उडी मारायचं. मापं घेतानाही आम्ही तशाच उड्या मारल्या, आणि ज्या मित्रांना विचारलं तेही त्याच रांगेतले. आम्ही तपासत होतो बटण आणि टीव्ही. जखम मांडीला, मलम शेंडीला.

तिथूनच नीलेशला फोन लावला. "पुण्याला नाही म्हण," मी म्हटलं, "आणि काठावर सूट टाक. किती ते तुला मी पाठवते त्या शूटिंगवरून मोजता येईल." त्याने एक अस्सल बोदवडी शिवी हासडली, स्वतःलाच. मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी केलीने स्क्रीन शेअर करून आमच्यासमोर बिल्ड उघडला. कोकरू पळालं, काठाबाहेर गेलं आणि उडालं. तिने मागे येऊन तीच उडी पुन्हा मारली. नीलेश टेबलाखाली माझ्या खुर्चीचा पाय बुटाने दाबून धरत होता.

"हेच," केली म्हणाली. "हेच हवं होतं. आधी का नव्हतं?"

मी तिला पार्लरची पद्धत सांगितली. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, "आम्ही तर घरी दिवसभर पाण्यात पडत राहायचो. आई जेवायला हाक मारेपर्यंत." मग तिने उरलेल्या सगळ्या लेव्हल आम्हालाच द्यायचं कबूल केलं. कॉल संपला तसा नीलेश गॅलरीत जाऊन पुण्याला फोन करून आला आणि संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून बॅग उचलून निघालाही.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात एक नियम आहे. ज्याने गेम जिंकलाय त्याने तो तपासायचा नाही. त्यामुळे मी टेस्टिंगला बसत नाही, नीलेशही नाही. आम्ही हरणारी माणसं शोधतो. जळगावात तशी पुष्कळ आहेत, पण कबूल कोणी करत नाही.