घैसासचा पूर्वपक्ष

दुपारचं जेवण अंमळ जड झालंय. मी आरामखुर्चीत आहे, मांडीवर माझ्या पुस्तकाची शेवटची प्रुफं; पाच वाजता छापखान्याचा माणूस न्यायला येणार. देव आहे असं सिद्ध करणारे सगळे युक्तिवाद मी यात एकेक करून मोडीत काढलेत, आणि चांगले काढलेत, खोटा विनय कशाला? डोळे जडावतात.

समोर घैसास उभा आहे. चैत्रात गेला तो. चाळीस वर्षं आम्ही एकाच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, तो आस्तिक आणि मी नास्तिक. आमचा एक करार होता. समोरच्याची बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, आधी आपण मांडायची. तो "हो, हेच म्हणायचंय मला" म्हणाला, तरच ती खोडायची.

"चौऱ्याऐंशीवं पान," तो म्हणतो. "मला न दाखवता छापतोयस?"

"तू होतास कुठे दाखवायला?"

"सबब चांगली आहे. वाच."

आम्ही वर्गात आहोत. बाकांवर कुणी नाही, फळा ओला आहे. मी वाचतो, "घडा आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग आहे म्हणजे कर्ता असणार. पण घडा करणारा कुंभार आपण पाहिलेला असतो. जग होताना कुणी पाहिलंय? आणि जगाला सुरुवातच नसेल, तर कर्ता हवा कशाला?"

"खोडलंस झकास. पण मी हे कधी म्हणालो?"

फळ्याच्या जागी विहीर आहे. घैसास माझ्या हातात दोर देतो. खाली भरलेली बादली लोंबतेय.

"ही कुणी सोडली, कधी सोडली?"

"मला काय ठाऊक?"

"नसू दे. कायमचीच लोंबतेय असं धर. आता हात सोड बघू."

मी सोडत नाही.

"मी सुरुवात विचारतच नव्हतो रे. या घटकेला हे सगळं कुणी धरलंय, एवढंच विचारत होतो. चाळीस वर्षं."

"बादली पडते म्हणून धरावी लागते. जग पडतं हे कशावरून?"

तो मनापासून हसतो. "आता बोललास. हे छाप."

दोर हातातून सरकतो आणि मी जागा होतो.

उजव्या तळहातावर आडवा लाल वळ आहे, हुळहुळतोय. आमच्या घरात विहीर नाही. कारण शोधत मी बसत नाही. मला लाज वाटतेय ती वेगळ्याच गोष्टीची. घैसास गेल्यावर मी त्याची बाजू सोपी करून लिहिली, कारण हटकणारं कुणी उरलं नव्हतं.

मी छापखान्याला फोन लावतो. "आज प्रुफं देत नाही."

"चूक राहिली का, सर?"

"चूक नाही. एक माणूस राहिलाय."

पेन धरताना वळ दुखतो. मी घैसासची बाजू लिहायला घेतो, हातचं काही न राखता. माझं उत्तर उद्या, आणि ते मी देईनच. आज संध्याकाळपुरतं त्याचंच खरं असू दे.