खळ लावलेल्या दोन पट्ट्या

आमच्या घरामागं मालधक्का झाला, कोळशाच्या गाड्या खाली होऊ लागल्या, त्या सालापासून मी एक नेम धरला. दिवाळी झाली की हातमागाच्या पांढऱ्या कापडाची हातभर पट्टी कोळशाची धूळ धरायले स्लॅबवर ताणून बांधायची, पंधरा दिवसांनी काढून कागदात गुंडाळायची आणि पेटीत ठेवायची. कापड एकाच ताग्याचं, माझ्या हातचं. काठावर लाल सुतानं साल. मी चौथी नापास, पण माझ्या विणीत खोट काढणारा नागपुरात अजून जन्माले यायचा आहे.

बायको म्हणे, "काय मळके फडके जपून राहिले तुमी!"

यंदा विद्यापीठातून हवेतली धूळ तपासणारी एक मॅडम आली. मी पेटी उघडली अन् ती खालीच बसली.

"काका, हा तर खजिना आहे! जुन्या सालची धूळ आता आम्ही कुठून आणणार? आमच्या कपाटात कायमच्या जपून ठेवू. फक्त एक सांगा, सगळ्या पट्ट्या सारख्याच बांधल्या ना?"

"हो" ओठावर आलंच होतं. पण मधल्या दोन साली मी लबाडी केली होती. तक्रार घेऊन गेलो तं धक्क्यावरचा साहेब साधी पट्टी पाहून हसला होता, "एवढीशीच धूळ ना, बाबा?" मले असा राग आला! पुढची दोन्ही सालं पट्टीले भाताची खळ लावली, म्हणजे कोळसा चिकटून बसावा. काळ्याकुट्ट पट्ट्या त्याच्या टेबलावर आपटल्या. ऐकलं त्यानं तरी कुठं! पण हे मी आजवर कोणाले सांगितलं नव्हतं.

त्या दोन बाजूले काढल्या. "ह्या खोट्या आहेत, पोरी. खळ लावली होती. बाकीच्याही फेकायच्या असतीन त फेक."

मॅडम हसली. "कशाला फेकू? लपवलं असतं तर मात्र सगळ्याच वाया गेल्या असत्या. खळीनं धूळ किती जास्त चिकटते ते मोजलं तर ह्या दोनही कामाच्या. पण त्याला तेच कापड लागेल, आणि ते आता..."

"आहे ना!" मी ओरडलोच. ताग्याचा शेवटचा तुकडा शिल्लक होता. कैचीनं दोन पट्ट्या केल्या अन् बायकोले हाक मारली, "खळ शिजव वं! पातळ, तेव्हासारखी!"

"तेव्हासारखी? म्हंजे माह्या चुलीवरच्या गंजातला भात तुमीच नेत होते?"

खळ शिजली तशी मी एका पट्टीले फासली. शिडीवर मी पुढं, मॅडम मागं. एक पट्टी कोरी, एक खळीची, शेजारी शेजारी, सारख्या ताणानं बांधली.

पंधरा दिवस थांबायचं होतं. मी चहा पिऊन लगेच पाहून आलो. संध्याकाळी पुन्हा चढलो. खळीची जराशी करडी दिसत होती. तिथूनच मॅडमले फोन लावला.