ताडपत्रीआडून गायलेलं गाणं

नगरच्या एका ऑर्केस्ट्रात मी गायला लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. गळा चर्चमध्ये तयार झालेला. एका लग्नात इंग्रजी ढंगाची गाणी म्हटली आणि ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी वडिलांना गाठलं. मास्तर अकॉर्डियन वाजवायचे. "पोरगी माझ्या जबाबदारीवर," म्हणाले. वडिलांनी नाखुशीनेच मान हलवली.

शहरातल्या कार्यक्रमांत भीती वाटली नाही. मग तिसगावकडच्या एका जत्रेची सुपारी आली. ऊन कलताना मी गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घालून स्टेजवर गेले. समोर नुसते पुरुष. पहिल्या कडव्यालाच आरोळी आली, "आगं नाच की!" मग शिट्ट्या. एक चप्पल माझ्या पायाशी येऊन पडली.

मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "टेम्पोत जाऊन बस. पळू नकोस, चालत जा."

गेले. मागची ताडपत्री घट्ट बांधली. पण गर्दी मागोमाग आलीच. लोक टेम्पो हलवायला लागले. ड्रमची रिकामी खोकी अंगावर कोसळली. ताडपत्रीखालून एक हात आत आला आणि चाचपडायला लागला. मी कोपऱ्यात अंग चोरून बसले.

"बाहीर काढा तिला!"

तेवढ्यात मास्तर पुढून, ड्रायव्हरच्या बाजूने आत घुसले. हातात माईक, मागे स्टेजवरच्या कर्ण्यांपासून ओढत आणलेली लांबलचक वायर.

"गा."

"मास्तर, नाही जमणार मला."

"माझेही पाय कापतायत. पण हे हटल्याशिवाय गाडी निघायची नाही. गा, बाळ."

आई रविवारी म्हणायची ते एक संथ गीत तेवढं आठवलं. आवाज इतका थरथरत होता की मलाच तो ओळखू येईना. दुसऱ्या ओळीला तो हात बाहेर गेला. टेम्पो हलायचा थांबला. कुणीतरी खेकसलं, "गप रं, आयकू दे."

गीत संपलं. बाहेर चिडीचूप. त्या शांततेची मला आरोळ्यांहून जास्त भीती वाटली. मग एक म्हातारा आवाज आला, "आनखी एक म्हना, बाई."

मी म्हणत राहिले. हळूहळू माणसं खाली बसली, वाट मोकळी झाली आणि ड्रायव्हरने गाडी काढली. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. नगर येईपर्यंत माझे दात वाजत होते.

वडील म्हणाले, "बास झालं आता." तरी मी गात राहिले. पुढे दुष्काळ पडला, जत्रा बंद झाल्या, ऑर्केस्ट्राही मोडला. लग्न होऊन मी लंडनला गेले आणि तिथल्या एका क्लबात गायला लागले. कार्यक्रमात माझ्याआधी गाणारी बाई माल्टा बेटावरून आलेली, तिच्या गाण्यांच्या तबकड्या निघालेल्या. एकदा पडद्यामागे तिने माझा हात धरला, तर तिची बोटं माझ्याइतकीच गार.

"तुलाही गाण्याआधी होतं असं?" तिने विचारलं.

मी मान डोलावली. तिचं नाव पुकारेपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.