गाडी जेवली का?

आधीच सांगतो, भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नाही. चौथी शिकलो, हयात बुऱ्हाणपुरात पॉवरलूमच्या खडखडाटात गेली. मेलेलं माणूस परत येत नाही. माझी बायको शकू दिवाळीनंतर गेली. तेव्हापासून रोज वाट पाहतो... आली का? नाही आली. म्हणूनच हे लिहायला हात धजत नव्हता.

जावई विलासची बॅटरीवाली गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा शकूनं कुंकवाची वाटी घेऊन विचारलं, "हिचं तोंड कुठंय?" विलासनं हसून वायर खुपसायचं झाकण दाखवलं. तिथंच तिनं बोट टेकवलं. पुढं लेक-जावई निघाले की तिचं एकच — "गाडी जेवली का?" चार्जिंग हा शब्द तिच्या तोंडात कधी बसलाच नाही.

पोरगी, सुनंदा, बाळंतपणाला माझ्याकडे आली. आई नाही, मग काय, मीच. आठव्या महिन्यात एका संध्याकाळी तिचं बीपी चढलं, डोळ्यापुढं अंधारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खंडव्याला न्या, आत्ताच. दोघांच्या जिवावर बेतेल." ॲम्ब्युलन्स धूलकोटकडे गेलेली. विलास त्याच दिवशी लांबून आलेला, गाडीत अर्ध्या रस्त्यापुरतीही बॅटरी नव्हती.

चार्जिंगच्या पहिल्या जागी कोणी डिझेलची जीप आडवी लावून गायब. दुसऱ्या मशीनवर चिठ्ठी — बंद है.

"मामा, ॲपमध्ये तर चालू दाखवतंय!" विलास रडकुंडीला आला.

"मग ॲपमध्येच बसव तिला!" मी ओरडलो.

तिसरं मशीन खंडवा रोडला. नवंकोरं, प्लास्टिक गुंडाळलेलं. विलासनं प्लास्टिक फाडून वायर लावली. काही नाही. पडदा काळा. तो भाड्याच्या गाडीसाठी फोन लावत वळणापलीकडं पळाला. दिवेलागणीची वेळ. मागच्या सीटवर सुनंदा कण्हत होती, मी मशीनवर हात आपटत होतो.

तेवढ्यात पाठीमागून, घरच्या दारातून विचारावं तसं —

"गाडी जेवली का?"

मी वळलो. केळीचं शेत, मोकळा रस्ता. कोणी नाही. मी मशीनच्या मागं वाकून पाहिलं.

उत्तर सुनंदानं दिलं. डोळे मिटलेलेच. "नाही गं आई, उपाशीच आहे."

मशीन गुरगुरलं. पडद्यावर हिरवा उजेड. मी हाक मारून विलासला परत बोलावलं. खंडव्याला पोहोचण्यापुरती गाडी भरली आणि मशीन आपोआप बंद झालं.

पोरगी वाचली. नात वाचली.

नंतर, प्लास्टिक आम्ही फाडलं हे सांगायला तिथं गेलो. वायरमन हसला, "काका, मजाक करता का? अजून लाइनच कुठं जोडलीय? ये देखो." खड्ड्यात केबलचं टोक टेप गुंडाळून पडलेलं.

भास म्हणाल. एकच भास दोघांना? आणि गाडी चालली ती कशावर? मला माहीत नाही. सुनंदाला काही आठवत नाही.

मला एकच डाचतं... इतक्या दिवसांनी ती बोलली, आणि मी ओ सुद्धा दिली नाही.

आता जावई निघाला की मीच विचारतो, गाडी जेवली का? तो "हो मामा" म्हणतो, निघून जातो. मी दारातच उभा राहतो — अजून कोणी विचारतंय का ऐकत.