भेकरासाठी मोरी कुठे बांधायची

पंधराव्या दिवशी मी आठही कॅमेऱ्यांची कार्डं लॅपटॉपवर उघडली. कुत्रे, मुंगूस, दोनदा रानडुक्कर, मोळी नेणारा एक माणूस आणि बकऱ्या. बकऱ्या भरपूर. भेकर एकही नाही.

भेकर म्हणजे आपल्याकडचं लहानसं हरीण. उंचीला मोठ्या कुत्र्याएवढं, रंगाने तांबूस. कळप करत नाही, एकटंच फिरतं. धोका वाटला की भुंकतं, म्हणून कित्येकांना ते कुत्रंच वाटतं. ते नेमकं कुठे राहतं हे शोधण्यासाठी मला नेमलं होतं. मी वन्यजीव सर्व्हे करते. पुण्याची एक कन्सल्टन्सी मला रत्नागिरी जिल्ह्यातली कामं देते. माझं घर मांडवीला आहे. पण साइट होती थेट घाटाच्या पायथ्याशी, म्हणून एप्रिलमध्ये मी अलोऱ्याला एका ओळखीच्या बाईंकडे खोली घेऊन राहिले होते.

काम असं होतं. एक अरुंद रस्ता रुंद व्हायचा होता. रुंद रस्त्यावर गाड्या वेगाने जाणार आणि जनावरं मरणार. म्हणून जनावरांना रस्त्याखालून जाता येईल अशी एक मोठी मोरी बांधायची ठरली होती. एकच. ती कुठे बांधायची, हे आम्ही सांगायचं. चुकीच्या जागी बांधली तर काँक्रीट काही उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

आणि मी जागा आधीच सांगून बसले होते.

जानेवारीत मी हॅबिटॅट मॅप केला होता. यात उपग्रहाचा फोटो घेतात आणि कॉम्प्युटरला सांगतात की झाडी दाट असेल, पाणी जवळ असेल, वस्ती लांब असेल तिथे जनावर असण्याची शक्यता जास्त. कॉम्प्युटर त्याप्रमाणे रंग भरतो. फोटो आदल्या मार्चमधला होता, कारण पावसाळ्यातल्या फोटोत नुसते ढग दिसतात. रस्त्याच्या पश्चिमेला उतारावर एक मोठा तुकडा गडद हिरवा आला. पूर्वेचा भाग तपकिरी आला, त्याला कॉम्प्युटरने ‘विरळ झुडूप’ असं नाव दिलं. मी हिरव्या तुकड्यासमोर रस्त्यावर खूण केली आणि मॅप पाठवून दिला. एप्रिलचा सर्व्हे फक्त खात्री करण्यापुरता होता.

दामले सर म्हणजे पुण्याचे माझे बॉस. त्यांचा फोन आला.

“काय म्हणतायत भेकरं?”

“नाहीयेत सर.”

“नाहीयेत म्हणजे? कॅमेरे चालू आहेत ना?”

“चालू आहेत. बकऱ्या येतायत त्यांच्यात.”

“पण तुम्हाला लेंड्या मिळाल्या होत्या.”

लेंड्या मिळाल्या होत्या हे खरं होतं. आम्ही जंगलात एक सरळ रेघ आखतो, तिला ट्रान्सेक्ट म्हणतात. तिच्यावरून चालायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. हिरव्या तुकड्यातल्या रेघेवर मी लेंड्या मोजून वहीत भेकराच्या नावावर टाकल्या होत्या. म्हणजे लेंड्या होत्या आणि भेकर नव्हतं. मला काही कळेना. मी कॅमेऱ्यांची उंची बदलली, तोंडं फिरवली. आणखी बकऱ्या आल्या.

त्यातच रस्त्याचे ज्युनियर इंजिनियर शिर्के भेटले. ते म्हणाले, “मॅडम, वर्षभरात दोन भेकरं गाडीखाली गेली इथे. पण तुमच्या खुणेजवळ नाही. खालच्या वळणावर.”

खालचं वळण खुणेपासून अर्ध्या किलोमीटरवर होतं. एका बाजूला ते तपकिरी झुडूप, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी काजूची बाग. मी वहीत लिहिलं, ‘अपवाद’. आज तो शब्द वाचला की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिरव्या तुकड्यात कॅमेऱ्याचे सेल बदलत होते. खालच्या वाडीतल्या सुगंधा काकू तिथे पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, गोळा करायला आल्या होत्या. त्यांच्या बकऱ्या सावलीत बसल्या होत्या. माझ्या फोटोंतल्याच त्या.

“तुमी भेकरं बघाया आलाव ना?” काकूंनी विचारलं. “मग हितं काय करताव?”

“जंगल दाट आहे ना काकू इथलं.”

“दाट हाय. पन खायाला काय हाय? माज्या बकऱ्या पन हितं सावलीला येतात, चराया न्हाय.”

मी पिशवीतून लेंड्या काढून दाखवल्या. त्यांनी हातही लावला नाही.

“ह्या बकऱ्यांच्या. चालता चालता सांडतात. भेकरू एका जागी ढीग घालतं.”

हे मला माहीत होतं. शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण हिरव्या तुकड्यात भेकर असणारच असं मी धरून चालले होते. त्यामुळे तिथे दिसलेली प्रत्येक लेंडी भेकराचीच ठरली.

मग मी पहिल्यांदा नीट वर आणि खाली पाहिलं. वर सगळी एकाच जातीची झाडं, एकाच वयाची. ऑस्ट्रेलियन बाभूळ, लोक तिला अकेशिया म्हणतात. कधीतरी ओळीने लावलेली. खाली वीतभर पातेरा. त्यात ना झुडूप, ना फळ, ना कोवळा कोंब. हे झाड बारा महिने हिरवं असतं, म्हणून मार्चच्या फोटोत गडद दिसलं. आणि पूर्वेला होते ऐन, किंजळ, उंबर. जुनं, खरं जंगल. त्यातले ऐन आणि किंजळ मार्चमध्ये पानं गाळून उघडे उभे असतात. वरून बघणाऱ्याला ते विरळ झुडूपच वाटणार.

“काकू, मग भेकरं असतात कुठे?”

“पलीकडं. पऱ्यात.”

पऱ्या म्हणजे ओढा. तो पूर्वेच्या जंगलातून उतरतो आणि खालच्या वळणावर रस्ता ओलांडतो. एप्रिलमध्ये वाहत नव्हता, पण उंबरांखाली डबकी होती. काठावर पिकलेली उंबरं पडलेली. आणि दगडाआड एका जागी ढीग घातलेल्या लेंड्या. मी चार कॅमेरे तिकडे हलवले. आठ दिवसांत तीन कॅमेऱ्यांत भेकर आलं.

मला फार आनंद झाला. तो एक दिवस टिकला. फोटोंच्या वेळा आणि दिशा लावून पाहिल्या तर भेकरं पहाटे रस्त्याकडे जात होती. का? पाणी पूर्वेला, फळं पूर्वेला, लपायला जागाही पूर्वेला. मग गाड्यांमधून पलीकडे जायचं कारण काय? पलीकडे तर मॅपवर फक्त ‘शेती’ लिहिलेलं होतं.

दोन दिवस मी रस्ता ओलांडून काजूच्या बागेत फिरले. मालक मुंबईला असतो. बाग बरेच दिवस साफ केलेली नव्हती, करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. झाडांखाली बोंडांचा सडा पडला होता. बोंड म्हणजे काजूच्या बीच्या वरचं रसाळ फळ. त्यांतली कितीतरी अर्धवट खाल्लेली, आणि मऊ मातीत लहान खूर उमटलेले. म्हणजे आम्ही ज्याला झुडूप म्हटलं तिथे भेकर राहत होतं, ज्याला शेती म्हटलं तिथे खात होतं, आणि ज्याला जंगल म्हटलं तिथे जातच नव्हतं.

“आणि बोंडं संपल्यावर कुठे जातात?” मी काकूंना विचारलं.

“पावसात वर सड्यावर दिसतात. चारा येतो ना कवळा.” सडा म्हणजे डोंगरावरचं कातळाचं सपाट पठार.

“सगळी जातात?”

“ता काय म्हाईत. मोजाया कोन गेलंय?”

मोजायला मलाच नेमलं होतं.

संध्याकाळी मी दामले सरांना फोन केला. त्याआधी अर्धा तास नुसती फोन हातात घेऊन बसले होते.

“सर, मॅप चुकलाय.”

“किती?”

“उलटा आहे.”

“क्लायंटला पाठवलेला मॅप?”

“हो.”

“आता तरी खात्री आहे तुम्हाला?”

“खात्री मागच्या वेळेला होती सर. या वेळेला फोटो आहेत.”

“उद्या इंजिनियरला स्वतः भेटा,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शिर्के वळणावर आले. मी सगळं सांगितलं. ते वैतागले, आणि त्यांचं वैतागणं बरोबर होतं.

“जानेवारीत खूण तुम्हीच केलीत. ड्रॉइंग वर गेलंय. आता मी काय सांगू, हरणांनी जागा बदलली?”

“जागा त्यांनी नाही बदलली. मी चुकीची वाचली. तसं लेखी देते.”

ते रस्त्याच्या कडेला उभे राहून खाली पऱ्याकडे बघत राहिले. तिथे जुना सिमेंटचा पाइप होता. तोही रुंदीकरणात बदलायचाच होता.

“पाइपाच्या जागी बॉक्स टाकता येईल,” ते म्हणाले. “म्हणजे चौकोनी मोरी, माणूस उभा राहील एवढी. पण पावसात त्यातून पाणी जाणार. तुमची भेकरं पोहतात का?”

“एका बाजूला उंच कट्टा ठेवला तर? कोरडा राहील असा.”

त्यांनी डायरीच्या मागच्या पानावर चौकोन काढला, आत एक पायरी काढली. “पाठवून बघतो,” म्हणाले. मी माझी चूक कबूल करणारं पत्र त्याला जोडलं. करिअरमधलं सर्वांत छोटं आणि सर्वांत जास्त वेळ लागलेलं पत्र.

मंजुरी आली. पावसाळ्यानंतर काम झालं. मोरीच्या दोन्ही तोंडांना मी कॅमेरे लावले. पहिले दोन महिने मुंगूस आणि कोल्हा. दामले सर दर सोमवारी विचारायचे, मी दर सोमवारी नाही म्हणायचे. मग एका सकाळच्या फोटोत मोरीच्या तोंडाशी भेकर उभं दिसलं, मान आत घालून. आत गेलं की नाही ते कळेना. चार मिनिटांनंतरचा फोटो पलीकडच्या कॅमेऱ्यात होता. कट्ट्यावरून उतरत होतं. बोंडांचा हंगाम आला तशी ये-जा नेहमीची झाली.

त्याच हंगामात एकदा शिर्क्यांचा फोन आला.

“मॅडम, आत्ता एक भेकरू मोरीच्या दहा पावलांवरून, रस्त्यावरून गेलं. खाली रिकामी मोरी असताना.”

“का गेलं असेल?”

“ते तुम्ही सांगायचं.”

रिपोर्टमध्ये मी ‘कारण माहीत नाही’ असं लिहिलं. दामले सरांनी ते खोडून ‘अधिक अभ्यास आवश्यक’ असं केलं.

हल्ली मी मॅपला रंग देण्याआधी प्रत्येक तुकड्यात एकदा चालून येते आणि झाडाखाली खायला काय आहे ते बघते. त्याला दोन दिवस लागतात. त्या वर्षी मी तेच दोन दिवस वाचवले होते.