अक्काताईंचा कारखाना

हसणार नसाल तरच सांगते. नाही, हसालच तुम्ही, मला माहितीये. हसा, पण माझ्या ऑफिसातलं कुणी भेटलं तर तेवढं बोलू नका.

मी पुण्यात एका सल्लागार कंपनीत आहे. म्हणजे काय, तर लोकांच्या कारखान्यात जायचं, कामगार का सोडून जातात, साहेब लोकांचं कुठं चुकतं ते शोधायचं, आणि त्याच लोकांना ते रंगीत स्लाइडवर दाखवायचं. माझी आई शेजारणींना सांगते, “ती कारखाने तपासते.” बाईला वाटतं मी स्टेथोस्कोप घेऊन जाते.

तर गेल्या वर्षी कोल्हापूरचं काम आलं. तिथल्या एमआयडीसीतली एक फाउंड्री. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, गाड्यांचे भाग बनवायचे. मालकांची तक्रार एकच, माणसं टिकत नाहीत. चांगले शिकवून तयार केलेले कामगार एकामागून एक निघून जातात. का जातात ते शोधून द्या.

कारखान्याचं नाव “अक्काताई कास्टिंग्ज”. मालक मगदूमसाहेब. मला एवढंच माहीत होतं, आणि मला ते पुरेसं वाटलं. इथेच घात झाला!

सकाळी रिक्षा करून गेले. धूळ, ट्रक, भट्ट्यांचा वास. रस्त्यावर एक भलं मोठं फाटक, त्यावर पाटी: “अक्काताई कास्टिंग वर्क्स”. आता तुम्हीच सांगा, “कास्टिंग्ज” आणि “कास्टिंग वर्क्स” यात फरक आहे हे कुणाच्या लक्षात येईल? अक्काताई नावाच्या फाउंड्र्या गल्लोगल्ली असतात का?

वॉचमननं आत आरोळी ठोकली, “पुण्याचं पावणं आल्यात!”

लगेच एक गृहस्थ बाह्या सारत बाहेर आले. पन्नाशीचे, धारदार नाक, कपाळाला काजळी.

“मगदूमसाहेब?”

“व्हय, मीच. या म्याडम, या. पुण्यासनं आलासा न्हवं?”

“हो. आमच्या ऑफिसमधून फोन आला होता ना तुम्हाला?”

“आलता की! वाटच बघत हुतो. कुठनं सुरू करतासा?”

“मला एकेका कामगाराशी बोलायचंय. तुम्ही समोर नसताना.”

“बोला की! आमचं काय झाकायचं हाय? पण एक सांगतो, जेवल्याबिगर सोडणार न्हाई.”

मला काय कल्पना, या माणसाला त्याच आठवड्यात चाकणच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला होता! त्यांचा ऑडिटर यायचा होता. तो कामगारांशी बोलणार होता. मगदूमसाहेबांना वाटलं, तो ऑडिटर म्हणजे मी.

आणि काय सांगू, काय ती बडदास्त! स्वतंत्र खोली, पंखा, ताक. कामगार यायचे, मनमोकळं बोलायचे. मी विचारायचे, “सोडून जायचा विचार येतो का मनात?” समोरचा माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा, जसं काही मी त्याला बायको सोडतोस का म्हणून विचारलंय!

“हितनं? आनि कुठं जाऊ? मी तर पलीकडनं हितं आलोय.”

हे “पलीकडं” प्रत्येकाच्या तोंडी. “मी पलीकडं हुतो.” “पलीकडचं काय सांगू नगासा.” मी समजले, असेल शेजारचा कुठला तरी कारखाना. मी हुरळून गेले. आयतीच तुलना सापडली की!

दुपारी कँटीनला गेले, तर मालक स्वतः वाढायला उभे. भाकरी, झुणका, खर्डा, आणि शेवटी खपली गव्हाची खीर. डाव हातात, शर्टावर खिरीचा ओघळ. मी फोटो काढला. म्हटलं, रिपोर्टमध्ये शेवटची स्लाइड हीच.

पुण्याला परत आले आणि मान मोडून रिपोर्ट लिहिला.

मग सादरीकरण. मालकांनी ते मुद्दाम शहरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये ठेवलं होतं, कारखान्यात कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून. तिथं गेले तर समोर दुसरेच गृहस्थ! साठीचे, कडक इस्त्री, सोनेरी काड्यांचा चष्मा. पण नाक तेच. शेजारी त्यांचे मॅनेजर, देशपांडे.

“मी भूपाल मगदूम. तुम्ही आलात तेव्हा मी कोइमतूरला प्रदर्शनाला गेलतो. देशपांडेंनी सगळी व्यवस्था केली ना?”

मी मनात म्हटलं, हे थोरले भाऊ दिसतात. धाकटे कारखाना बघतात, हे वरचं बघत असतील. “उत्तम व्यवस्था, सर!” मी म्हणाले.

देशपांडेंच्या हातातला पाण्याचा ग्लास हेलकावला. आता हा माणूस का दचकला हे मला फार पुढं कळलं. मी त्यांच्याकडे फिरकलेच नव्हते, आणि हा बाबा बला टळली म्हणून गप्प बसला होता! आपल्या कारभाराची चौकशी कुणाला हवी असते हो?

मी सुरुवातच दणक्यात केली. “सर, तुमच्याकडून माणसं जात नाहीत.”

“काय?”

“उलट येतात. शेजारच्या कारखान्यातून तुमच्याकडे येतात.”

भूपालआण्णा खुर्चीत पुढं सरकले. “शेजारच्या? म्हणजे... गेलेली माणसं परत आली? देशपांडे! बोलला न्हाईसा मला!”

देशपांडे पाणी प्यायले. दुसरं काय करणार?

“कामगार मालकांना देव मानतात,” मी म्हणाले. आण्णांची छाती फुगली. चष्मा काढून त्यांनी पुसला. “आता मी तसा... जरा कडकच वागतो,” ते लाजून म्हणाले, “पण पोटात माया हाय. पोरांनी वळखली म्हणायची.”

मला भरून आलं. मी पुढची स्लाइड लावली: शेजारच्या मालकाबद्दल कामगार काय म्हणतात. आता आण्णा हसत हसत मांडी ठोकायला लागले.

“‘पलीकडचा मालक काचेच्या खोलीतनं बघतोय. नमस्कार केला तर मान बी हलवत न्हाई.’”

“तसाच हाय त्यो! लहानपनापासनं!”

“‘पलीकडं नावानं हाक न्हाई. नंबरानं बोलवायचं.’”

“बघा! आईबापानं नाव कशाला ठेवलंय?”

मला चेव चढला. मी पुढचं वाचलं.

“‘माझी आई वारली. मी रडत रडत रजा मागायला गेलो. पलीकडचा मालक म्हणाला, रिप्लेसमेंट कोण? मला वाटलं, आईची इचारतोय.’”

मी हसले. हो, मी हसले! आण्णा हसले नाहीत. त्यांचा हात मांडीवरच राहिला.

“हे... कोण म्हणालं?”

“नाव सांगता येत नाही, सर. गोपनीय असतं.”

“न्हाई, म्हणजे... असं कुणी बोललं असंल...” ते कुठंतरी बघत राहिले. देशपांडे आता जग उचलून पाणी पीत होते.

मला वाटलं, साहेबांना वाईट वाटलं. मनानं हळवे आहेत. त्यांना बरं वाटावं म्हणून मी घाईघाईनं शेवटची स्लाइड लावली. भला मोठा फोटो. डाव, खीर, ओघळ.

“आणि सर, कामगारांना जीव लावणारं हे तुमचं नेतृत्व!”

आण्णांनी चष्मा नीट बसवून फोटो बघितला.

“म्याडम,” आण्णा म्हणाले, “ह्यो माझा भाऊ हाय.”

“हो ना! नाकावरून लगेच कळलं!”

“त्याचा कारखाना वेगळा हाय. आम्ही वेगळं झालोय. आईचं, अक्काचं नाव दोघांनीबी सोडलं न्हाई, म्हणून पाट्या सारख्या. मधी नुसती भिंत हाय.”

“मग... मग तो पलीकडचा मालक...”

“मी.”

बघा, धरणी दुभंगून सीतेला आत घेते वगैरे आपण ऐकतो. तसलं काही हॉटेलच्या कार्पेटवर होत नाही. मी रिमोट हातात धरून तशीच उभी. बोट चुकून दाबलं गेलं आणि मागची स्लाइड परत आली. रिप्लेसमेंट कोण?

मी काय काय बोलले ते आठवत नाही. माफी मागितली, सगळं पुन्हा करून देते म्हणाले, फुकट करून देते म्हणाले. आण्णांनी हात वर केला.

“परत कशाला? माझी माणसं का गेली हे मला पायजे हुतं. गेलेल्यांनाच इचारून आलासा की तुम्ही.” मग त्या स्लाइडकडं बघत, “त्यो पोरगा... आईचं ज्याचं झालं. बरा हाय तिकडं?”

“बरा आहे, सर. मोल्डिंगला आहे. गातो छान, म्हणाले सगळे.”

“गातो व्हय? आमच्याकडं तर कधी तोंड उघडलं न्हाई त्यानं.” ते उठले. “चला. बाळूला खरं काय ते सांगायला पायजे. तुम्ही त्याची खीर खाऊन आलायसा.”

देशपांडेंकडे त्यांनी फक्त एकदा बघितलं. त्या बघण्यावर वेगळा रिपोर्ट लिहिता आला असता.

गाडीत आण्णा एमआयडीसीच्या वळणावर म्हणाले, “भट्टी कंची घ्यायची यावरनं बिनसलं आमचं. लोखंड वितळवायच्या पायी! बगा आता.” कारखान्यापाशी आलो तर ते गाडीतनं उतरेनात. “तुम्ही जाऊन या. मी बसतो.”

मी आत गेले. धाकट्या मगदूमांना, म्हणजे बाळूशेठना, एका दमात सगळं सांगितलं. मी ऑडिटर नाही, थोरल्यांनी बोलावलेली, चुकून तुमच्याकडे शिरले. त्यातलं त्यांनी एकच ऐकलं.

“दादा भाईर हाय? गाडीत? ह्या उन्हात?”

आणि हा माणूस धावत सुटला! मी मागनं.

गाडीजवळ पोचल्यावर मात्र दोघंही खांबासारखे. एक आत, एक बाहेर. किती वर्षांनी बोलणार, तर बोलणार काय?

“अक्काचा गुडघा?” धाकटे म्हणाले.

“दुखतोय. तुझ्याकडं ऱ्हायला आली की कमी व्हतोय म्हणती.”

“माझ्याकडं असली की म्हणती, भूपालकडं बरा हुता.”

मग बाळूशेठ एकदम माझ्याकडं वळले. “आवो पण, तुम्ही ऑडिटवाल्या न्हाईसा म्हंजी... आयला! दुसऱ्या दिवशी एक गडी आलता टाय लावून. म्हणाला, मी ऑडिटवाला. मी म्हटलं, ऑडिट काल झालं, म्याडम खीर खाऊन गेल्या, तू कोण? गेटवरनंच हाकलला त्येला!”

आण्णांच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं, ठसका. ते हसत होते. “हाकलला? बाळू, खऱ्या ऑडिटरला?”

“तर! वर म्हटलं, बोगस हाईस, पोलिसात दीन! चाकणवाल्यांनी फोनवर कान उपटलं माझं. मग त्येला परत बोलावला, पाया पडलो, तवा कुठं पास केलं.”

आता दोघंही हसत होते. आण्णा गाडीतून उतरले, चष्मा काढून डोळे पुसायला लागले. हसूनच पुसत असावेत. मी तसंच समजले.

मग दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं. तेच नाक, तीच नजर.

“एवढी शिकल्याली बाई,” थोरले म्हणाले, “पाटी सरळ वाचता येईना व्हय?”

“मी तर तवाच म्हटलं हुतं, दादा,” धाकटे म्हणाले, “बाई चांगली हाय, पण जरा येडी वाटती.”

“जरा?” थोरले म्हणाले.

भट्टीवरनं फुटलेल्या त्या दोन भावांचं इतक्या वर्षांनी पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्या अकलेवर!