निळीताईंची एकमेव चूक

आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत निळीताईंचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. मातीतला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोजताना द्रावण निळं होतं. स्फुरद जितका जास्त, तितका रंग गडद. एकोणीस वर्षं तो रंग त्याच वाचतात. मी खिडकीत बसून नमुने घेते आणि फुकटचे सल्ले देते.

ताईंची आई आठ तासांच्या प्रवासावर, अंथरुणाला खिळलेली. शेजारीण दोन वेळा येऊन भरवते, कूस बदलते. तिथल्या प्रयोगशाळेत बदली मागणारे पाच अर्ज ताईंनी केले. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "तुमच्यावाचून अडतं हो इथं." गोड बोलून माणसाला कसं डांबून ठेवतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. संताप यायचा.

सहावा अर्ज गेला तेव्हा मी म्हटलं, "ताई, जरा वाईट काम करा. साहेब स्वतः गाडीत बसवून देतील."

त्याच आठवड्यात एक रोपवाटिकावाली आली. "दरवर्षी खत ओततेय, तरी रोपं खुरटी, पानं जांभळी. माती गिळते की काय?"

ताईंनी मातीवर आम्लाचे थेंब टाकले. माती फसफसली.

"चुना आहे. तुम्ही घातलेला स्फुरद तो धरून बसतो. मातीत असतो भरपूर, पण मुळांना मिळत नाही."

अशा मातीला सोड्याचं द्रावण लावतात. मुळांना जेवढा मिळू शकतो, साधारण तेवढाच स्फुरद त्यात उतरतो. कडक आम्ल लावलं तर चुन्यात अडकलेलाही सुटतो आणि आकडा फुगतो. ही नवशिक्याची चूक. ताईंनी ती जाणूनबुजून केली. नळीत शाईसारखा रंग आला. अहवालावर 'भरपूर' लिहून त्यांनी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. मला कोण आनंद!

दुपारी ताईंनी डबा उघडलाच नाही. "ती बाई हे वाचून खत बंद करेल गं. रोपं जातील तिची."

"जाऊ देत," मी म्हटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

त्या उठल्या. नमुना पुन्हा काढला, सोड्याच्या द्रावणात अर्धा तास हलवला. रंग जेमतेम आला. नव्या कागदावर त्यांनी लिहिलं: 'कमी. खत वाफाभर पसरू नका. कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांजवळ द्या, थोडं थोडं.'

"आधीचा कागद चुकला होता, साहेब. माझ्याच हातून," त्या म्हणाल्या.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि खूश झाले. "स्वतःची चूक स्वतः पकडणारी माणसं आहेत कुठं हल्ली!" त्यांनी सहावा अर्ज ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सोडता येणार नाही.'

संध्याकाळी ताईंनी माझ्यासमोरच शेजारणीला स्पीकरवर फोन लावला. "अजून एक वर्ष जमेल का गं तुला?"



"मला जमेल, ताई," शेजारीण म्हणाली. "आईंना नाही जमायचं."